चालून दाखवा, मग बोलू : बॅलेवेडीच्या नजरेने रेड कार्पेट

तापीकाठची

मेट गाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयातला फॅशनचा सोहळा, दरवर्षी मेच्या पहिल्या सोमवारी असतो. म्हणजे आमच्या जळगावात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आलेल्या भाच्या-पुतण्या अजून परत न गेलेल्या, आणि घरात दुसरं काम नाही. सांजोऱ्या खात मोबाईलवर कोणी काय घातलं ते बघायचं आणि नावं ठेवायची. मलाही हा उद्योग मनापासून आवडतो. पण मी पडले बॅलेवेडी. त्यामुळे माझं मत सगळ्यांच्या उलट जातं आणि घरात कोणी ऐकून घेत नाही. म्हणून इथे धागा.

माझं म्हणणं असं की कपड्याच्या नुसत्या फोटोवरून काही कळत नाही. तो घालून बाई चालली कशी, पायऱ्या चढली कशी, हात वर केला तेव्हा खांद्यावरचं कापड कुठे गेलं, हे बघितल्याशिवाय मी मार्क देत नाही. बॅलेतला पोशाख तसाच बघावा लागतो. तो अंगावर चढवून उडी मारायची असते, कोणीतरी कमरेला धरून उचलणार असतं, आणि खाली येताना काहीही अडकून चालत नाही.

आता २०२४ ची आलिया भट घ्या. सब्यसाचीची साडी, १६३ कारागीर, १९६५ तासांचं काम, २३ फुटांचा पदर. भरतकाम बघून डोळे निवले. पण व्हिडिओत बघा, पदर सावरायला माणसं लागताहेत. आमच्या आज्या नऊवारी नेसून केळीला पाणी भरायच्या. साडीची सगळी खुबी नेसणारीला मोकळं ठेवण्यात आहे, आणि इथे नेसणारीच खिळून गेली. माझ्याकडून भरतकामाला दहापैकी दहा, साडीला चार.

२०२५ ला शाहरुखचा लांब काळा कोट, हातात वाघाच्या मुठीची काठी. गळ्यातलं जरा जास्तच झालं, पण माणूस चालत होता. खरा भाव खाल्ला दिलजितने. पतियाळाच्या महाराजांवरून घेतलेला पोशाख, पागोटं, पाठीवर पंजाबचा नकाशा आणि गुरुमुखी अक्षरं. इतकं सगळं अंगावर असून मान ताठ, खांदे खाली, वजन दोन्ही पायांवर. असं उभं राहायला बॅलेच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवतात.

त्याच महिन्यात फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाने नियम काढला की अंगप्रदर्शन नको आणि मोठ्या शेपटाचे फुगीर झगे नकोत, कारण लोकांची वाट अडते आणि खुर्चीत बसता येत नाही. सगळीकडे चर्चा अंगप्रदर्शनाची झाली. मी मात्र शेपटाच्या नियमाला टाळ्या वाजवल्या.

भरीतपार्टी

ताई, धागा भारी. पण २००१ च्या ऑस्करला गायिका ब्योर्क हंस गळ्यात घालून आली होती, त्याचं काय? तुमच्या बॅलेचाच हंस ना तो?

तापीकाठची

भरीतपार्टी, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत! मार्यान पेयोस्कीने केलेला तो झगा. हंसाची मान गळ्याभोवती आणि चोच छातीवर. जग हसलं, अजून हसतंय. मला तो झगा प्रचंड आवडतो. बाईने कार्पेटवर चालता चालता अंड्याच्या आकाराच्या पर्स टाकल्या होत्या! म्हणजे तिने नुसता झगा घातला नव्हता, हंसिणीचं काम केलं होतं. बाकीच्या बायका त्या दिवशी काय नेसल्या होत्या, कोणाला आठवतंय?

आणि पोशाखाची लांबी-रुंदी नाचावरून कशी ठरते ते बघा. १८३२ मध्ये मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’मध्ये नाचली तेव्हा झगा पोटरीपर्यंत, घंटेसारखा. पुढे इटालियन नर्तकी आल्या, पायाचं काम अवघड होत गेलं, ते लोकांना दिसायला हवं म्हणून झगा वर वर सरकत आडवा झाला. आज आपण बघतो तो टूटू असा तयार झाला. रेड कार्पेटवर गाडं उलटं. झगा आधी ठरतो, आणि त्यात काय काय करता येणार नाही ते बाईला दारात कळतं.

बोरी_काठचा_शिंपी

मी धुळ्यात लेडीज टेलर. बॅले आयुष्यात बघितला नव्हता, ताईंचं वाचून काल रात्री दोन तास यूट्यूबवर काढले. माझी नजर कपड्यावर, त्यामुळे थोडं शिवणकामाचं लिहितो.

पहिली गोष्ट मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप. गॅदरिंगच्या नाचाचे ब्लाउज शिवताना आया म्हणतात, मास्तर, मुंढा सैल ठेवा, पोरीला हात वर करायचेत. होतं उलटं. मुंढा खोल केला की हात वर करताच पूर्ण ब्लाउज वर येतो. मुंढा काखेजवळ घट्ट आणि वर ठेवला तर हात एकटा उठतो, धड जागेवर राहतं. या बायकांच्या चोळ्या तशाच कापलेल्या दिसल्या. कमरेखाली घट्ट पट्टा, त्यावर जाळीचे थर. मोजायला गेलो, दहाच्या पुढे मोजता येईनात. मागे हुक. चेन नाही! चेन नाचता नाचता फाटली तर संपलं. एखादा हुक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात.

मग शोधता शोधता बार्बरा कारिन्स्का ही बाई सापडली. न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी शिवायची. मूळची रशियन साम्राज्यातली. तिने चोळीचे काही तुकडे उरेब, म्हणजे तिरपे, कापायला सुरुवात केली, म्हणजे श्वास घेताना कापड ताणलं जाईल. आपण उरेब कापड गोट-पट्टीला वापरतो, फार तर फॅन्सी फ्रॉकला. नाचणाऱ्या बाईच्या बरगड्यांसाठी उरेब, हे मला सुचलं नसतं. १९५० च्या सुमारास तिने टूटूतली तारेची कडी काढून टाकली, कारण खूप मुली जवळजवळ नाचल्या की एकीची कडी दुसरीला लागायची आणि झगे वर उडायचे. तिने जाळीच आखूड आणि मऊ केली. याला म्हणतात मास्तरीण.

तापीकाठची

मास्तर, तुमच्या प्रतिसादाने धागा माझ्या हातातून गेला आणि मला आनंद आहे. कारिन्स्काच्या कंपनीचं आणखी एक बघा. तिथल्या नृत्यरचनाकार जॉर्ज बालांशिनने नंतर काही बॅलेंमधून पोशाखच काढून टाकला. ‘द फोर टेम्परामेंट्स’ १९४६ मध्ये आला तेव्हा एका चित्रकाराचे अवजड पोशाख होते. नाच दिसेना, म्हणून १९५१ पासून मंडळी तालमीच्या कपड्यांत नाचू लागली. काळं-पांढरं, अंगाबरोबर. अजून तसंच चालतं.

उलट १९२४ ला डियागिलेव्हच्या बॅले कंपनीसाठी ‘ल त्रँ ब्ल्यू’चे पोशाख कोको शनेलने केले, समुद्रकिनाऱ्यावरचे विणलेले पोहण्याचे कपडे. फॅशनच्या पुस्तकांत त्याचं कोण कौतुक. पण ढगळ कपड्यामुळे जोडीदाराला पकडणं नाचणाऱ्यांना जड जायचं. फॅशनवाल्यांनी बॅलेला हात लावला की माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळे.

रिकामा_डबा

केळीला भाव नाही, कापूस घरात पडून आहे, आणि इथे गोऱ्या बायकांचे झगे. चालू द्या.

तापीकाठची

चालू आहेच. कापसाचा धागा वेगळा आहे, तिथेही मी लिहिते.

घुंगरू_पाचोरा

मी कथ्थक शिकवते. ताई, तुमचा नियम मला शंभर टक्के मान्य. आमच्या अंगरख्याला कळ्या का असतात? चक्करमध्ये घेर उघडावा आणि थांबल्यावर पायाशी गुंडाळला न जाता खाली पडावा म्हणून. जड जरीकाम केलेला घेर चक्कर संपल्यावरही फिरत राहतो आणि नाचणारीला सोबत ओढतो. पालकांना हे पटत नाही. त्यांना फोटोत जर दिसायला हवी.

‘स्वान लेक’च्या त्या ३२ फुएतेंबद्दल, म्हणजे एका पायावरच्या सलग फिरक्यांबद्दल, तुमचं मत काय? माझ्या विद्यार्थिनी तेवढेच बघतात आणि मोजतात. आम्ही टाचेवर फिरतो, त्या बोटांच्या टोकावर, तेही एक पाय हवेत फेकत. पण नजर एका जागी ठेवून डोकं शेवटी झटकन आणायची युक्ती दोन्हीकडे तीच. ते बघून मला फार बरं वाटलं.

तापीकाठची

घुंगरूताई, खरं सांगू? त्या ३२ फिरक्यांच्या वेळी मी चहा ठेवायला उठले तरी मला चालतं. पिएरिना लेन्यानीने १८९५ च्या प्रयोगात त्या घातल्या आणि तेव्हापासून प्रत्येकीच्या मानेवर ते जू बसलं. माझा जीव दुसऱ्या अंकात. तो लेव्ह इव्हानोव्हने रचला, त्याच्या जोडीचा रचनाकार पेतिपाने नाही, आणि दोघांतला फरक तिथे दिसतो. हंसिणींचे हात बघा. मनगट सगळ्यात शेवटी पोचतं, जणू हालचाल पाठीतून निघून बोटांपर्यंत यायला वेळ लागतो.

नर्तकींबद्दल : स्वेतलाना झाखारोव्हाचा पाय कानापर्यंत जातो. बघून तोंडात बोट जातं, नंतर माझ्यापाशी काही उरत नाही. मारियानेला नून्येझ अर्जेंटिनाची, २००२ पासून लंडनच्या रॉयल बॅलेत प्रमुख नर्तकी. ती सुराच्या किंचित मागे राहते आणि शेवटच्या क्षणी गाठते. आपल्याकडे ठुमरी गाणारी बाई सम अशी गाठते की आपण खुर्चीत पुढे सरकतो. तसं होतं मला.

खुले_नाट्यगृह

ताई, वयाने मोठा आहे म्हणून दोन शब्द. ज्या जळगावात बसून तुम्ही हे लिहिता तिथे पोशाखावर हा वाद शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला असणार! बालगंधर्वांचे शालू, दागिने, अत्तरं. खऱ्या बायका त्यांच्याकडे बघून साड्या नेसायच्या, अंबाडे घालायच्या. तेव्हाचं रेड कार्पेट म्हणजे गंधर्व कंपनीची रंगभूमी. आणि तोच नट १९१९ मध्ये ‘एकच प्याला’त सिंधू झाला तेव्हा ठिगळाचं लुगडं नेसून उभा राहिला. लोक शालू बघायला आले आणि लुगड्याला रडले. तुमच्या नियमात हे कुठे बसतं सांगा.

तापीकाठची

काका, नमस्कार. हे बरोबर बसतं. शालू नेसूनही त्यांची चाल बाईची राहिली आणि ठिगळाच्या लुगड्यातही राहिली. बदललं ते कापड. रेड कार्पेटवर निम्म्या जणींचं कापड काढून घेतलं तर उभं राहायचं कसं हा प्रश्न पडेल. ऐश्वर्याचं मात्र असं नाही. २००२ ला कानला नीता लुल्लाची पिवळी साडी, अंगभर सोनं, घोड्याच्या रथातून उतरली. २०२५ ला हस्तिदंती बनारसी, भांगात कुंकू. दोन्ही वेळा हात जोडले तेव्हा कोपरं अंगाला चिकटलेली नव्हती. लहान गोष्ट आहे, पण नाच शिकलेलं शरीर तिथे ओळखू येतं.

अहिराणीभाऊ

ताई, हाई बठ्ठं वाचीसन डोकं फिरी गयं. पन घोडाना विषय निंघना म्हनीसन सांगस. सारंगखेडानी जत्रामा घोडा नाचतस, त्यासले बी झूल, गोंडा, घुंगरू. घेनारा मानूस झूल देखत नही. पह्यले नाच देखस, मंग भाव करस.

बोरी_काठचा_शिंपी

अहिराणीभाऊ, पूर्ण धाग्याचा निकाल लावला तुम्ही 😄

साक्रीची_लेक

एक वेगळा मुद्दा. ताई म्हणतात नाचणारीला सोयीचा तो पोशाख चांगला. पण नाचणारीलाच सोय नको असेल तर? एमा लिव्हरी, पॅरिस ऑपेराची तरुण नर्तकी, ताल्योनीची शिष्या. तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे. झगे पेटू नयेत म्हणून औषधात बुडवलेले कापड वापरायचा नियम आला होता, पण त्याने कापड कडक आणि मळकट व्हायचं. तिने नकार दिला. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीत तिचा झगा दिव्यावर पेटला, आणि पुढच्या जुलैत ती गेली. तिचा झगा नाचायला उत्तमच होता.

आपल्याकडच्या गॅदरिंगमध्येही नायलॉनच्या घागऱ्या आणि हातात पेटत्या पणत्या देतात. बघून माझ्या अंगावर काटा येतो.

तापीकाठची

साक्रीची लेक, याला माझ्याकडे उत्तर नाही. पणत्यांचं तर सगळ्यांनी मनावर घ्या. बॅटरीच्या पणत्या मिळतात.

सातपुडा_पायथा

बाकीचे परदेशात फिरून आले, मी अक्कलकुवा तालुक्यात नेतो. काठीची राजवाडी होळी. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर राखेची नक्षी, कमरेला भोपळे आणि मोठे घुंगरू, आणि रात्रभर ढोलावर नाच. होळी पेटते पहाटे. नाचणाऱ्यांनी त्याआधी काही दिवस पाळणूक पाळलेली असते, गंमत म्हणून कोणी तो टोप चढवत नाही. ताईंचा नियम लावून बघा. कमरेचा घुंगरू नाचल्याशिवाय वाजत नाही, म्हणजे स्थिर फोटोत तो पोशाख अर्धाच आहे.

मात्र हल्ली पुण्या-नाशिकहून कॅमेरे घेऊन मंडळी येतात आणि नाचणाऱ्याला म्हणतात, दादा, जरा थांबा, इकडे बघा. त्याला थांबवून रेड कार्पेट करतात.

तापीकाठची

सातपुडा भाऊ, शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

भरीतपार्टी

ताई, तुमच्या बॅलेत भारतातली पण गोष्ट आहे म्हणे? कुठेतरी वाचलं. देवदासी, साप वगैरे.

तापीकाठची

आहे, आणि या विषयावर मी दोन बाजूंनी भांडू शकते. ‘ला बायादेर’, सेंट पीटर्सबर्ग, १८७७. रचना मारियस पेतिपाची, संगीत मिंकुसचं. देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, राजाची मुलगी गम्झाती. सोलोर पवित्र अग्नीसमोर निकियाला वचन देतो, राजा त्याचं लग्न आपल्या मुलीशी ठरवतो, फुलांच्या परडीतून साप निघतो, निकिया मरते. पेतिपाने भारत पाहिला नव्हता आणि ते लपतही नाही. फकीर आगीभोवती उड्या मारतात. सोन्याचा देव उठून नाचतो. हा देव तर १९४८ मध्ये मागाहून घातलेला. पोट उघडं ठेवणारी चोळी आणि खाली पायजमा किंवा टूटू, असा वेष भारताच्या कुठल्या जिल्ह्यात घालतात ते मला अजून सापडलेलं नाही. डोक्यावर मडकं घेऊन एक नाच आहे, दोन लहान मुली पाणी मागत असतात. आमच्या चाळीसगावच्या मावशीला दाखवला. म्हणाली, मडकं रिकामं आहे, मान बघ.

मॉस्कोच्या बोल्शॉय कंपनीच्या प्रयोगात लहान मुलींच्या तोंडाला काळं फासल्याचा फोटो २०१९ मध्ये अमेरिकेची कृष्णवर्णीय नर्तकी मिस्टी कोपलंडने जगासमोर आणला. त्यावर ‘परंपरा आहे’ हे उत्तर मला पटलेलं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात फिल चॅन यांनी हीच गोष्ट भारतातून उचलून जुन्या हॉलिवूडमध्ये नेली, संगीत आणि नाच शक्य तिथे तसाच ठेवून. असे प्रयत्न व्हावेत.

पण. सोलोर अफूच्या धुंदीत छायांचं राज्य बघतो तो प्रवेश. अंधारातून उतरणीवरून एक मुलगी येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, दोन पावलं, पुन्हा तेच. तिच्या मागे दुसरी, तिसरी. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्कीत अशा ३२, लंडनमध्ये २४. सगळ्या येईपर्यंत पहिलीला तेच करत राहावं लागतं. एकीचा घोटा थरथरला तर प्रेक्षागृहाला दिसतो. अंगावर पांढरा टूटू आणि डोक्यापासून मनगटांपर्यंत एक झिरझिरीत पट्टी, बाकी काही नाही. हात हलला की पट्टी एक क्षण उशिरा हलते. असा पोशाख एकही डिझायनर रेड कार्पेटवर आणू शकलेला नाही. दांतेच्या काव्यासाठी गुस्ताव्ह डोरेने काढलेल्या देवदूतांच्या चित्रांवरून पेतिपाला हे सुचलं असं सांगतात. म्हणजे त्या नाटकात सर्वांत सुंदर जागा आहे तिथे त्यांचा खोटा भारत नाहीच. पहिले दोन अंक मी पुढे ढकलते, हा प्रवेश कधीच नाही.

प्रसिद्ध नर्तक नुरेयेव्हने १९९२ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये हाच बॅले बसवला. फार आजारी होता. पुढच्या जानेवारीत गेला.

घुंगरू_पाचोरा

भारत-बॅले हा रस्ता दुहेरी होता हेही लिहा ताई. १९२३ मध्ये लंडनला रशियन बॅले नर्तकी आना पाव्हलोव्हाबरोबर उदय शंकर कृष्ण झाले, ती राधा. रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी बॅले शिकत होत्या. पाव्हलोव्हानेच त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे वळायला सांगितलं. नंतर १९३६ मध्ये त्यांची कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी राहिली. म्हणजे आजच्या भरतनाट्यमच्या गोष्टीत एक बॅलेवाली आहेच.

पिंप्राळ्याची_आई

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची. या धाग्याचे व्हिडिओ बघून तिने हट्ट धरला आहे. जळगावात क्लास सापडला नाही. ऑनलाइन ते टोकाचे गुलाबी बूट मिळताहेत, मागवू का? घरी सराव करेल.

तापीकाठची

मागवू नका! हात जोडते. पॉइंट शूज म्हणजे पुढच्या टोकाला कापड, कागद आणि खळीचे थर चिकटवून केलेली कडक टोपी. लाकूड नसतं. त्यावर उभं राहण्याआधी काही वर्षं रोजचा सराव, घोट्यात आणि पोटात ताकद, साधारण ११-१२ वय, आणि पाय बघून बूट बसवून देणारं माणूस लागतं. नऊ वर्षांच्या पायाची हाडं अजून तयार होत असतात. एकटीने घरी करायचं ते काम नव्हे.

तिला मऊ चपट्या चपला चालतील. सध्या फॅशनमध्ये आहेतच. ब्रिजित बार्दो लहानपणी बॅले शिकली होती. तिने १९५६ मध्ये रेपेतो या बॅलेचे बूट करणाऱ्या कंपनीला बाहेर घालायला तशा चपला करून द्यायला सांगितलं, तेव्हापासून त्या रस्त्यावर आल्या. रेड कार्पेटवरची माझी एकमेव मागणी तीच आहे. २०१५ ला कानमध्ये सपाट चपला घातलेल्या बायकांना अडवलं होतं. पुढच्या वर्षी जुलिया रॉबर्ट्स अनवाणी पायऱ्या चढली आणि २०१८ ला क्रिस्टन स्ट्युअर्टने भर कार्पेटवर टाचांचे बूट काढून हातात घेतले. दोघी त्या २४ पायऱ्या काय सुंदर चढल्या!

घुंगरू_पाचोरा

पिंप्राळ्याची आई, मुलीला आधी कुठल्याही चांगल्या नृत्यवर्गात घाला. कथ्थक, भरतनाट्यम, काहीही. ताल आणि उभं राहणं पक्कं झालं की पुढे काहीही शिकता येतं. आणि वर्ल्ड बॅले डेचे व्हिडिओ दाखवा. २०१४ पासून मोठ्या कंपन्या त्या दिवशी त्यांचा सकाळचा वर्ग आणि तालीम थेट दाखवतात. तिथे कोणी सजलेलं नसतं. जुने स्वेटर, फाटके मोजे, घामाघूम. पोरांना तेच आधी दिसलेलं बरं.

पिंप्राळ्याची_आई

बूट कार्टमधून काढले. ती रुसून बसली आहे, पण स्वेटरवाला व्हिडिओ लावल्यावर हळूच येऊन बघते आहे. पिंप्राळा-गणेश कॉलनी भागात कथ्थकचा संध्याकाळचा वर्ग कोणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बोरी_काठचा_शिंपी

अंगरखा शिवायचा झाला तर मापं पाठवा. जर लावणार नाही, आधीच सांगून ठेवतो.